जर-तर: दों सेबास्तियांव १५७८ मध्ये मेला नसता तर पोर्तुगालचं पूर्वेकडचं राज्य वाचलं असतं का?

कोर्लईचा पहारेकरी (धागाकर्ता)

४ ऑगस्ट १५७८ रोजी मोरोक्कोत अल्कासर किबिरजवळ पोर्तुगालचा चोवीस वर्षांचा राजा दों सेबास्तियांव पडला. लग्न नाही, मूल नाही, सख्खा भाऊ नाही. गादीवर आले त्याचे चुलत आजोबा कार्डिनल हेन्रिके, वय ६६. धर्मगुरू असल्यामुळे तेही अविवाहित. लग्नाची परवानगी मिळावी म्हणून त्यांनी पोपकडे अर्ज केला, पण ती काही मिळाली नाही. ३१ जानेवारी १५८० ला, ऐन वाढदिवशी ते गेले. त्याच उन्हाळ्यात स्पेनच्या फिलिप दुसऱ्याचा सेनापती, आल्बाचा ड्यूक, याने लिस्बन घेतलं आणि फिलिप पोर्तुगालचाही राजा झाला. हा जोडसंसार १ डिसेंबर १६४० पर्यंत, म्हणजे साठ वर्षं चालला.

नेहमीचा युक्तिवाद असा: स्पेनचे शत्रू ते पोर्तुगालचे शत्रू झाले, डच आणि इंग्रज अंगावर आले, म्हणून अंबोन (१६०५), होर्मुझ (१६२२), मलाक्का (१६४१) एकेक करत गेलं. राजा वाचला असता तर हे टळलं असतं.

खेळाचे नियम: बदल एकच करायचा. त्यानंतर जे होईल ते कारणासकट सांगायचं. माझा बदल असा की सेबास्तियांव अर्झिलाहून जमिनीवरून आत शिरत नाही, फौज जहाजांतून थेट लाराशला नेतो. अंतर किनाऱ्याने जेमतेम चाळीस किलोमीटर, आणि आरमार हाताशी होतंच. सुरुवात करा.

शंकासुर

आत्याबाईला मिश्या असत्या तर काका म्हटलं असतं.

जरतारी

@शंकासुर, इथे आत्याबाईचा नाही, मामाचा प्रश्न आहे. सेबास्तियांवची आई जोआना ही फिलिपची सख्खी बहीण. म्हणजे भाचा मेला आणि मामाने घर घेतलं. शिवाय फिलिपची आई इझाबेल ही सेबास्तियांवच्या आजोबांची बहीण, आणि दावा त्या बाजूने लावला होता. या घराण्यात बाहेरची सून आणायची पद्धतच नव्हती. सेबास्तियांवला आठऐवजी चारच पणजोबा-पणज्या होत्या: दोन्ही आजोबांनी एकमेकांच्या बहिणींशी लग्न केलं होतं. साटंलोटं म्हणजे किती!

तोफ आणि तराजू

धागाकर्त्याचा बदल नकाशावर सोपा दिसतो, पण लाराश आहे लुकोस नदीच्या मुखाशी, दक्षिण तीरावर. अर्झिला उत्तरेला. जमिनीवरून जायचं तर नदी ओलांडणं भाग होतं, म्हणूनच तर फौज उतार शोधत आत वळली. तिथेच घोळ झाला.

समुद्रमार्गाने गेलात तर अडचण वेगळी. मुखाशी वाळूचा दांडा आहे. मोठी जहाजं भरतीशिवाय आत जात नाहीत, आणि भरतीच्या वेळा शत्रूलाही ठाऊक असतात. म्हणजे फौज उघड्या किनाऱ्यावर होड्यांनी उतरवायची, आधी पायदळ, मग तोफा, शेवटी घोडे. लाट असेल तर दिवसचे दिवस जातात. तरीही हे जमण्यासारखं होतं, कारण दाणापाणी जहाजावर राहतं. प्रत्यक्षात जे झालं त्यात मूळ दुखणं तेच होतं: ऑगस्टचं ऊन, अंगावर चिलखत, थोड्या दिवसांची शिधासामग्री, आणि गाड्या, नोकर, बुणगे यांचं लटांबर.

सुमारे सतरा हजारांच्या फौजेत कामाचे म्हणजे जर्मन-फ्लेमिश भाडोत्री, कास्तिलियन आणि टॉमस स्टुकलीने आणलेले पोपचे शिपाई. बाकी पोर्तुगीज पायदळ घाईने गोळा केलेलं, घोडदळ तुटपुंजं. समोर मोरोक्कोचा सुलतान अब्द अल-मलिक, त्याच्याकडे घोडदळ भरपूर. त्याने अर्धचंद्र करून दोन्ही बगला वेढल्या. मागे मखाझिन नदी, आणि तिला भरतीचं पाणी चढलेलं. पळायला वाटच नाही. सेबास्तियांवचा मोरोक्कन साथीदार, पदच्युत सुलतान मुतवक्किल, त्याच पाण्यात बुडाला.

बुणगे

आमच्या नावाचा उल्लेख झाल्याबद्दल आभार. पानिपतावरही सगळं आमच्यावरच ढकललं होतं.

डोलकाठी

तोफ आणि तराजू यांनी एक गोष्ट सोडली. अब्द अल-मलिक लढाईच्या दिवशीच आजाराने मेला. सेबास्तियांव लाराशच्या भिंतीआड बसून राहिला असता तर आठवड्याभरात मोरोक्कोत वारसाचा प्रश्न उभा राहिला असता, तोही त्याच्याकडे एक दावेदार हाताशी असताना. मग न लढता तह. म्हणजे धागाकर्त्याच्या बदलात राजा फक्त वाचत नाही, जिंकतो!

तोफ आणि तराजू

@डोलकाठी, जिंकून काय मिळतं? एक बंदर. पोर्तुगालने १५४१ ते १५५० च्या दरम्यान साफी, अझेमूर, अल्कासर सेगेर, अर्झिला ही ठाणी स्वतःहून सोडली होती, कारण शिबंदीला धान्यसुद्धा बाहेरून पुरवावं लागे आणि उत्पन्न शून्य. अर्झिला परत मिळालं तेच १५७७ मध्ये, मुतवक्किलच्या माणसाने आयतं हातात दिलं म्हणून. लाराश पुढे १६१० मध्ये स्पेनला वाटाघाटीत मिळालं आणि १६८९ मध्ये गेलं. त्याने स्पेनचं भाग्य उजळल्याचं ऐकिवात नाही.

आणि अब्द अल-मलिकचा भाऊ अहमद छावणीतच होता. खऱ्या इतिहासात त्यानेच गादी घेतली आणि ‘अल-मन्सूर’ म्हणवून घेतलं. वारसाचा घोळ झालाच असता असं धरून चालता येत नाही.

पोतेभर मिरी

मोरोक्को पुरे झालं, मालाकडे वळा. राजा कोण याने मिरीचं गणित किती बदलतं, हा खरा प्रश्न आहे.

व्यवहार असा चाले. मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला जहाजं लिस्बनहून सुटत आणि सप्टेंबरच्या सुमारास गोव्याला लागत. मग कोचीन, कोल्लम, कन्नूर आणि कानडी किनाऱ्यावरची होन्नावर, बसरूर ही ठिकाणं. होन्नावर, बसरूर पोर्तुगीजांनी १५६९ मध्येच घेतली होती. माल भरून डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत परतीला निघायचं. उशीर झाला की आफ्रिकेच्या टोकाशी हिवाळी वादळं. उशीर का होई? रोख चांदी वेळेवर न आल्यामुळे, आणि जहाज हावरटासारखं भरल्यामुळे. १५७० मध्ये सेबास्तियांवच्याच सरकारने जहाजाची कमाल मर्यादा ४५० टन ठरवली होती. ती कुणी पाळली नाही. १५९२ मध्ये इंग्रजांनी पकडलेलं ‘माद्रे दे देउस’ सुमारे १६०० टनांचं होतं.

आता डच. हे लोक मिरीसाठी लिस्बनलाच येत. येताना बाल्टिकचं धान्य, लाकूड, मासे आणत. जाताना सेतुबालचं मीठ (त्याशिवाय त्यांचं हेरिंग टिकत नाही) आणि मसाले नेत. फिलिपने १५८५, १५९५ आणि १५९८ मध्ये डच जहाजांवर बंदी घातली आणि हा दरवाजा बंद झाला. डच दर्यावर्दी हाउटमानची जहाजं पूर्वेकडे निघाली १५९५ मध्ये. या तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा.

शंकासुर

तारखा शेजारी बसल्या म्हणून त्यांचं लग्न झालं असं होत नाही.

हाउटमान लिस्बनमध्ये माहिती काढायला १५९२ मध्ये आला होता, म्हणजे १५९५ च्या बंदीच्या तीन वर्षं आधी. लिन्सखोतेन हा दुसरा डच गोव्यात आर्चबिशपचा चिटणीस म्हणून १५८३ ते १५८८ राहिला आणि मार्गांची, वाऱ्यांची, बंदरांची सगळी टिपणं घेऊन गेला. असला कारकून स्वतंत्र पोर्तुगालच्या गोव्यातही खपून गेला असता. दुसरं, अँटवर्प १५८५ मध्ये स्पेनच्या ताब्यात गेलं आणि तिथले व्यापारी पैशासकट अ‍ॅम्स्टरडॅमला पळाले. ते सेबास्तियांव जिवंत असताही झालंच असतं, डचांचं बंड १५६८ पासून सुरूच होतं. भांडवल तयार, नकाशे तयार. १५९९ ला डच दर्यावर्दी फान नेक मिरी-मसाले भरून परत आला आणि त्याने सुमारे चारशे टक्के नफा मिळवला. एवढा नफा दिसल्यावर लिस्बनच्या दलालाकडून कोण माल घेत बसेल?

गलबत्या

शंकासुर यांच्याशी सहमत, वर आणखी दोन पुरावे.

पहिला: १६०९ ते १६२१ स्पेन आणि डच यांच्यात तह होता. युरोपात शांतता, आशियात डच ईस्ट इंडिया कंपनीने हात आवरले का? नाही. १६१९ ला बटाव्हिया (आजचं जकार्ता) वसवलं ते याच काळात.

दुसरा, जास्त महत्त्वाचा: १६४० मध्ये पोर्तुगाल स्पेनपासून सुटलं. १६४१ मध्ये डचांशी दहा वर्षांचा तह केला. त्याच साली डचांनी अंगोलातलं लुआंडा घेतलं! पुढे कोलंबो गेलं १६५६ ला, जाफना १६५८ ला, कोचीन १६६३ ला. हे सगळं स्पेनचं जोखड उतरल्यावर. मलबारची मिरी हातची गेली ती १६४० नंतर गादीवर आलेल्या ब्रागांझा घराण्याच्या काळात, फिलिपच्या नव्हे.

त्यामुळे ‘साठ वर्षांनी घात केला’ हे लिस्बनमध्ये १६४० नंतर तयार झालेलं सोयीचं पुराण आहे, असं माझं मत. नव्या राजाला जुन्या राजावर खापर फोडायचं असतंच.

पोतेभर मिरी

@गलबत्या, पुरावे बरोबर, निष्कर्ष उलटा. कंपनी एकदा उभी राहिल्यावर तहाने थांबली नाही, हे खरंच. पण ती उभी राहिली १६०२ मध्ये, चौसष्ट लाख गिल्डरच्या भांडवलावर, आणि वर्षभरात ‘सांता कातारिना’ हे पोर्तुगीज जहाज लुटून त्यातून तीस लाखांच्या वर मिळवले. ही लूट पचवायला ग्रोशियससारखा वकील लावता आला, कारण पोर्तुगाल शत्रूचा भाग होतं. स्वतंत्र आणि तटस्थ पोर्तुगालचं जहाज असं धरलं असतं तर ती उघड चाचेगिरी ठरली असती आणि सेतुबालचं मीठ दुसऱ्या दिवशी बंद. डच यायचे ते आलेच असते. पण आधी व्यापारी म्हणून, बांटाम आणि मोलुक्कासच्या बाजूला. किल्ल्यांवर तोफा डागायला आणखी पंधरा-वीस वर्षं लागली असती.

फोंड्याचा पाहुणा

साठ वर्षांत फक्त गेलंच असंही नाही हो. चौलसमोरचा कोर्लईचा डोंगर पोर्तुगीजांनी निजामशाहीकडून घेतला तो १५९४ मध्ये, म्हणजे फिलिपच्या अमलात. (धागाकर्त्याने स्वतःचं नाव तरी लक्षात ठेवावं.) आग्वादचा किल्ला १६१२ चा, डच आले तर मांडवीच्या तोंडाशी अडवता यावेत म्हणून. उलट १५७०-७१ मध्ये विजापूर गोव्यावर आणि निजामशाही चौलवर एकाच वेळी चालून आली, तेव्हा राजा सेबास्तियांव होता आणि दोन्ही ठिकाणं वाचली ती व्हाइसरॉय लुईस दे आताईदमुळे. इथल्या किनाऱ्यापुरतं बोलायचं तर लिस्बनच्या गादीवर कोण यापेक्षा सप्टेंबरात किती जहाजं आली याला जास्त किंमत होती.

कोर्लईचा पहारेकरी

टोमणा पोचला. :)

जरतारी

जिवंत सेबास्तियांव ही आपत्ती आहे, हे कुणी बोलत कसं नाही? १५६९ मध्ये त्याने फ्रान्सिस्को बारेतोला आफ्रिकेत झांबेझी नदीवर मोनोमोतापा राज्यातल्या खाणी शोधायला धाडलं. तापाने माणसं मेली, घोडे मेले, बारेतो स्वतः १५७३ मध्ये झांबेझीकाठच्या ‘सेना’ या ठाण्यात वारला. १५७१ मध्ये त्याने पूर्वेचा कारभार तीन तुकड्यांत वाटला: आफ्रिका, गोवा, मलाक्का. प्रत्येकाला पैसे आणि माणसं हवीत, आणि अख्ख्या पोर्तुगालची वस्ती बारा-पंधरा लाखांची. असा राजा लाराशहून विजयी होऊन परत आला तर १५८० मध्ये फेझवर जाईल. तिथे मरेल. तुम्ही मरण फक्त पुढे ढकललंत.

डोलकाठी

मग बदलच मागे न्या. १४९८ मध्ये जन्मलेला राजपुत्र मिगेल दा पाझ हा पोर्तुगाल, कास्तिल आणि आरागॉन तिन्हींचा वारस होता, जुलै १५०० मध्ये दोन वर्षांचा होण्याआधीच वारला. तो जगला असता तर जोड राज्य कित्येक दशकं आधी झालं असतं, तेही पोर्तुगीज बापाच्या नावावर, आणि चार्ल्स पाचवा नुसता फ्लँडर्स-ऑस्ट्रियाचा धनी राहिला असता. नेदरलँड्स आणि स्पेनची गाठच पडली नसती. म्हणजे डचांचं बंड स्पेनविरुद्ध नाही!

शंकासुर

एवढा मागे गेलात की वास्को द गामालाच हॅलो म्हणून या.

तोफ आणि तराजू

डोलकाठींची कल्पना छान आहे, स्वतंत्र धागा काढा. इथे विषयांतर नको. (हे मी म्हणतोय याची नोंद घ्यावी.)

निळी शाई

सेबास्तियांवचं प्रेत ओळखण्याबद्दल शंका राहिली, त्यामुळे ‘राजा परत येणार’ ही समजूत पसरली, ते कुणी लिहिलं नाही. तोतये चार: पेनामाकोरचा (१५८४), एरिसेइराचा (१५८५), माद्रिगालचा हलवाई गाब्रिएल दे एस्पिनोसा (फाशी १५९५) आणि व्हेनिसमध्ये उगवलेला मार्को तुलियो, ज्याला पोर्तुगीजचा एक शब्द धड बोलता येत नव्हता. आपल्याकडे सदाशिवरावभाऊंच्या तोतयाने पंधरा वर्षांनी कोकणात किल्ले घेतले आणि १७७६ मध्ये पुण्यात देहदंड घेतला. रणांगणावर हरवलेल्या सेनापतीचं देणं सारखंच दिसतं.

बुणगे

हलवाई राजा झाला असता तर निदान कडबोळी तरी बरी मिळाली असती.

मढ_मार्वे

माझा प्रश्न सरळ आहे. मग मुंबईचं काय?

गलबत्या

@मढ_मार्वे, इथे मात्र साखळी पक्की लागते. १६४० मध्ये सुटल्यावर पोर्तुगालचं स्पेनशी युद्ध १६६८ पर्यंत चाललं. १६५९ मध्ये फ्रान्सने स्पेनशी पिरेनीजचा तह करून पोर्तुगालला वाऱ्यावर सोडलं. मदतीला उरला इंग्लंड. म्हणून इंग्लंडच्या राजाशी १६६१ चा विवाह करार: ब्रागांझाची कॅथरिन, वीस लाख क्रुझादो, टँजिअर आणि मुंबई. बदल्यात इंग्रज पलटणी. फिलिपने पोर्तुगाल घेतलंच नसतं तर सुटायची लढाई नाही, मदतीची गरज नाही, आंदण नाही.

बेट प्रत्यक्ष ताब्यात यायलाही १६६५ उजाडलं. ताबा घ्यायला आलेला इंग्रज अधिकारी अब्राहम शिपमन वाट बघत अंजदीव बेटावर १६६४ मध्ये वारला. व्हाइसरॉय मेलु दे कास्त्रोने लिस्बनला कळवलं होतं की हे देऊ नका. १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाने ते इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिलं.

शंकासुर

इंग्रजांना बंदर हवंच होतं. १६२६ मध्ये डचांबरोबर येऊन त्यांनी मुंबई लुटून जाळली होती. सुरतला वखार होती, पण तिथे मोगलांच्या मर्जीवर. आंदण नसतं तर तोफांनी घेतलं असतं, किंवा राजापूरसारख्या ठिकाणी बस्तान मांडलं असतं. डचांनी वेंगुर्ल्याला वखार घातलीच ना, १६३७ मध्ये, गोव्याच्या नाकेबंदीला रसद मिळावी म्हणून.

मढ_मार्वे

म्हणजे मुंबई वसईच्या प्रांतात राहिली असती आणि १७३९ ला चिमाजीअप्पांनी घेतली असती? मंत्रालयाच्या जागी चौथाई कचेरी?

पोतेभर मिरी

@मढ_मार्वे, १५७८ बदललंत तर १७३९ जसाच्या तसा येत नाही. मुंबईत इंग्रज नाहीत म्हणजे आंग्रे-इंग्रज झगडा वेगळा, सिद्दीचं आरमार पावसाळ्यात माझगावला नांगर टाकायला येणार नाही, मराठ्यांचं आरमारही वेगळ्या कारणांनी वाढेल. वसई घ्यायची वेळ तरी येईल का?

कोर्लईचा पहारेकरी

दोन दिवस वाचतोय. लाराश मागे घेतो. तोफ आणि तराजू, जरतारी यांनी ते पुरतं बुडवलं. नवा बदल: सेबास्तियांव तसाच मरतो, पण त्याआधी लग्न करतो. फ्रान्सची मार्गारेट हे स्थळ आलेलं होतंच. १५७१ मध्ये लग्न, १५७३ मध्ये मुलगा. १५७८ मध्ये पाच वर्षांचा राजा, हेन्रिके पालक, फ्रान्सचा आधार. फिलिपला दावाच उरत नाही. डच धान्य घेऊन लिस्बनला येत राहतात. फिलिपचं इंग्लंडवर गेलेलं १५८८ चं आरमार लिस्बनहून निघत नाही, ‘सांव मार्तिन्यो’ हे त्याचं मुख्य जहाज पोर्तुगीज होतं तेही मिळत नाही.

निळी शाई

मार्गारेटचं १५७२ मध्ये नावारच्या हेन्रीशी लग्न झालं. १५९९ मध्ये ते रद्द होईपर्यंत मूल नाही. शिवाय सेबास्तियांवच्या प्रकृतीबद्दल आणि लग्नाच्या टाळाटाळीबद्दल लिस्बनमध्येच कुजबूज होती.

कोर्लईचा पहारेकरी

खोडलं. मग ऑस्ट्रियाची एलिझाबेथ. तिचंही नाव एका टप्प्यावर होतं, १५७० मध्ये ती फ्रान्सच्या नवव्या चार्ल्सला दिली. तिला एक मुलगी झाली होती, म्हणजे मूल होऊ शकतं.

जरतारी

आणि ही एलिझाबेथ कोण? फिलिपच्या बहिणीची, मारियाची मुलगी. हेन्रिके १५८० मध्ये गेले की सात वर्षांच्या राजाची पालक तीच. सल्ला कुणाचा घेणार? पुन्हा मामा.

पोतेभर मिरी

असू दे मामा. मामा सल्ला देईल, बंदी घाला म्हणेल. पण पालक राणीला लिस्बनला भाकरी पुरवायची आहे, आणि धान्य येतं डच जहाजांतून. फिलिपला दोन्ही राज्यं हातात असताना ती बंदी धडपणे पाळून घेता आली नाही. हिला तर कोर्तेससमोर (पोर्तुगालची प्रतिनिधी सभा) उभं राहायचंय. माझं मत या बदलाला. मिरी लिस्बनलाच विकली जाईल, निदान १६०० पर्यंत.

शंकासुर

१६०० नंतर?

पोतेभर मिरी

नंतर फान नेकचा नफा. तो मी तुम्हाला आधीच देऊन टाकलाय.